उदमांजराची कॉफी आणि आपले सोवळे

बालीच्या सहलीला गेलेल्या मराठी कुटुंबांना हल्ली उबुडजवळच्या एखाद्या कॉफीच्या मळ्यात हमखास नेतात. सिंगापूरच्या किंवा हॉलंडमधल्या इंडोनेशियन धाटणीच्या कॉफीच्या दुकानातही साधारण तेच पदार्थ मिळतात. ‘कोपी तुब्रुक’ म्हणजे काचेच्या पेल्यात कॉफीची पूड आणि साखर घालून वर ओतलेले उकळते पाणी. ती गाळत नाहीत, गाळ तळाशी बसेपर्यंत थांबायचे आणि वरवरची प्यायची. तिच्याबद्दल कुणाला शंका येत नाही. शंका येते ती सगळ्यांत महाग असलेल्या ‘कोपी लुवाक’पाशी. उदमांजराने खाल्लेल्या कॉफीफळांच्या बिया त्याच्या विष्ठेतून वेचून ही कॉफी करतात. मग चातुर्मास पाळणारा, कांदा-लसूण न खाणारा माणूस विचारतो, की हे आपल्याला चालते का? या प्रश्नाला हसण्याचे कारण नाही, तो धर्माचाच प्रश्न आहे. मात्र तो चुकीच्या जागी विचारला जातो. या कॉफीत अशुद्ध असे काही असेल, तर ते विष्ठेत नाही, पिंजऱ्यात आहे.

आधी विष्ठेचे पाहू. उदमांजराच्या पोटात कॉफीफळाचा गर पचतो, बी मात्र आपल्या टणक टरफलासकट बाहेर पडते. मग ती धुतात, वाळवतात, सोलतात आणि कडक आचेवर भाजतात. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेपुढे 2010 मध्ये हाच प्रश्न आला. बी टरफलात शाबूत असेल आणि पेरल्यास उगवण्याजोगी असेल, तर तिला फक्त बाहेरून मळ लागलेला आहे, म्हणून धुतल्यावर ती हलाल, असा निर्णय परिषदेने दिला. आपल्याकडचा विचार फार वेगळा नाही. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय सांगतो, की फळ पाडताना पक्ष्याचे तोंड शुद्ध असते आणि दूध उतरवताना वासराचे. मधमाशीच्या पोटातून आलेला मध पंचामृतात चालतो, गोमय-गोमूत्राशिवाय पंचगव्य होत नाही. पूजेला नेसायचा रेशमी मुकटा बहुधा कोशातला किडा उकळत्या पाण्यात मारूनच तयार झालेला असतो, तरी तो सोवळ्यातला. पदार्थ कुणाच्या शरीरातून आला, एवढ्यावर आपण शुद्धाशुद्ध कधीच ठरवले नाही.

मग कशावर ठरवले? महाराष्ट्राचा इतिहास याचे उत्तर अवघड जाईल इतके स्पष्ट देतो. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आदी मंडळींपुढे चहा आला. पाणी, पत्ती, दूध, साखर, सगळे घरच्यासारखेच. तरी मिशनऱ्यांच्या घरचा चहा म्हणून ग्रामण्य उभे राहिले, शंकराचार्यांच्या वतीने चौकशी झाली, प्रायश्चित्ते झाली. मार्च 1927 मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्यायले, तेव्हा सनातन्यांनी शेण-गोमूत्र मिसळलेले 108 घागरी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ केले. जनावराच्या मलमूत्राने पाणी पवित्र होते आणि माणसाच्या ओंजळीने बाटते, हा हिशेब पदार्थाचा नव्हता. कोण वर आणि कोण खाली, याचा तो हिशेब होता. अशा सोवळ्याचा निकष लुवाकला लावून ‘शी!’ म्हणणे म्हणजे नापास झालेली मोजपट्टी पुन्हा बाहेर काढणे.

पण म्हणून शुद्धीची कल्पनाच टाकून द्यावी असे नाही. मनुस्मृतीच्या त्याच पाचव्या अध्यायात असेही म्हटले आहे, की सर्व शुद्धींमध्ये अर्थाची शुद्धी श्रेष्ठ. जो धनाच्या व्यवहारात शुद्ध तोच शुद्ध, माती-पाण्याने धुतलेला नव्हे. यावर कुणी म्हणेल, की जो ग्रंथ महाडलाच 25 डिसेंबर 1927 रोजी जाळला गेला, त्याची साक्ष का काढता? कारण ही विरुद्ध पक्षाच्या साक्षीदाराची कबुली आहे. सोवळ्याचे नियम रचणाऱ्यालाही वस्तू कशी मिळवली हा प्रश्न सगळ्यांत मोठा वाटला. लुवाकला तो प्रश्न विचारला की चित्र पालटते. डचांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस मलबारातून कॉफीची रोपे जावाला नेली. पुढे त्यांच्या मळ्यांत राबणाऱ्यांना झाडावरची कॉफी घेण्याची मनाई होती, म्हणून ते विष्ठेतल्या बिया वेचत, असे सांगतात. गरिबाची ती निकड आज श्रीमंताची चैन झाली आहे, आणि तिच्यासाठी रात्री हिंडणारे, एकटे राहणारे जनावर दिवसाढवळ्या पर्यटकांसमोर तारेच्या पिंजऱ्यात उभे असते. तळाच्या जाळीने पाय सोलतात, खाण्यात कॉफीफळांचाच मारा. बालीतल्या 16 मळ्यांची पाहणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. तिथल्या पन्नासेक उदमांजरांचे हाल तिने नोंदवले. 1991 मध्ये ही कॉफी पाश्चात्त्य बाजारात आणणारे व्यापारी टोनी वाइल्ड हेच पुढे तिच्याविरुद्ध मोहीम चालवू लागले.

दोन आक्षेप उरतात. पहिला असा, की रानात मोकळ्या फिरणाऱ्या उदमांजराची कॉफीही असते. असते, आणि तिला दोष नाही. पण भाजलेल्या बीवर पिंजऱ्याची खूण राहत नाही, आणि ‘जंगली’ अशी चिठ्ठी चिकटवायला फारसे काही लागत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे. या न्यायाने दूध, रेशीम, अंडी, सगळेच सोडावे लागेल. खरे आहे, त्या प्रत्येकाचा हिशेब द्यावाच लागेल. पण सगळे सोडता येत नाही म्हणून काहीच सोडायचे नाही, ही पळवाट झाली. जिथे गरज कमी आणि यातना जास्त, तिथून सुरुवात करावी. लुवाकवाचून कुणाचे अडत नाही.

वसईजवळच्या गोखिवऱ्याच्या माणसाला तर हे लांबचे वाटायचे कारण नाही. गावाच्या पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर आहे, श्रावणात तिथे शंकराच्या दर्शनाला रीघ लागते आणि 2003 पासून ते रान अभयारण्य आहे. कोकणपट्टीतल्या अशा रानांत, ताडा-माडांच्या वाड्यांत उदमांजर सर्रास असते. इथे त्याला पकडून कोंडले तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा होतो. इथला गुन्हा विमानाने काही तास दूर गेल्यावर पर्यटन ठरत नाही. तेव्हा परदेशी कॉफीच्या दुकानात शिरायला, कुणाच्याही हातचा पेला घ्यायला मुळीच कचरू नये. त्याने काही बाटत नाही. तुब्रुक मागवा, गाळ बसू द्या, चवीने प्या. लुवाक मात्र नको म्हणा, आणि का नको ते दुकानदाराला सांगा.