पायच तसले

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. म्हण खर्चाविषयीची आहे आणि खर्चाविषयी ती खरीही आहे. पण आजोळच्या माळ्यावर आखूड गोधडीत गुडघे पोटाशी घेऊन झोपताना मला नेहमी एक शंका येई. अंथरुणाला एखादा तुकडा जोडावा, असे कोणाच्या मनात का येत नाही? ही शंका मी कोणाला विचारली नाही. पुढे मी शिक्षक झालो आणि शंका विचारणाऱ्यांना गप्प बसवण्याचे काम माझ्याकडेच आले. आज सत्तरी ओलांडल्यावर ती जुनी शंका परत आली आहे, आणि तीही पायांच्याच वाटेने.

माझे पाय पाहण्यासारखे नाहीत; पण त्यांचे वर्णन केल्याशिवाय पुढचे कळणार नाही. चवडा रुंद, टाच अरुंद. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेले. डावा पाय उजव्याहून किंचित लांब. आणि करंगळीवर एक कुरूप. कातडीच्या त्या टणक गाठीला आपल्या भाषेने हेच नाव का द्यावे, कोण जाणे! जे दुखते ते कुरूप, असा तर तिचा न्याय नसेल?

दोन वर्षांपूर्वी माझ्या रक्तात साखर सापडली. डॉक्टर म्हणाले, “रोज तासभर चाला. पण अनवाणी नाही, आणि लागणारा जोडा तर मुळीच नाही.” मी राहतो मुळशी तालुक्यात, पौडच्या पलीकडे. चालायला इथे वाटांची वाण नाही. भातखाचरांच्या कडेने जावे, धरणाच्या पाण्यावरून येणारा वारा खावा, ताम्हिणीकडे उतरलेले ढग पाहावेत. वाट होती, वेळ होता. नव्हता तो जोडा.

पुण्याला जाऊन मी दुकानांमागून दुकाने पालथी घातली. जोडे झिजवणे म्हणजे काय, ते जोडा शोधतानाच कळले! आठ नंबर चवड्याला आवळे. नऊ नंबर चवड्याला बरा, तर टाच आत डोलकाठीसारखी हले. दहा नंबर घालून मी आरशासमोर उभा राहिलो, तेव्हा दोन होड्यांत पाय ठेवल्यासारखा दिसलो. शेवटच्या दुकानातला मुलगा सज्जन होता. त्याने अकरा खोके उघडले. त्याच्या कपाळावर घाम पाहून मला ओशाळल्यासारखे झाले आणि मी म्हणालो, “राहू द्या हो. तुमची चूक नाही. माझे पायच तसले आहेत.”

वाक्य तोंडातून गेले आणि मी दचकलो. ते वाक्य माझे नव्हते. पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांपूर्वी एका बाईने ते माझ्यासमोर उच्चारले होते.

साल 1979. तालुक्यातल्याच एका शाळेत मी नवा, उत्साही आणि कडक शिक्षक होतो. पंधरा ऑगस्टच्या कवायतीला प्रत्येक मुलाच्या पायात पांढरे कॅनव्हासचे बूट असलेच पाहिजेत, असा माझा हुकूम होता. सातवीतला एक मुलगा बूट घालून आला, पण मागच्या टाचा मोडून, सपाता घालाव्यात तसे. त्याच्या बापाने बाजारातून आणलेला तो जोड लांबीला बरोबर होता; पण जन्मापासून बिनवहाणेचा डोंगर चढलेला आणि आषाढ-श्रावणात चिखलणी-लावणीला उभा राहिलेला तो पाय पंख्यासारखा पसरला होता. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. “पाय बसत नाही, गुरुजी,” तो म्हणाला. “बसत नाही म्हणजे काय? बसव!” मी म्हणालो. त्याने तो बसवला. कवायत उत्तम झाली. झेंड्याला सलामी देताना तो पहिल्या रांगेत होता. नंतर त्याने बूट काढले, तेव्हा दोन्ही बुटांचे पांढरे कापड करंगळीपाशी लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. मी तक्रारीची तयारी करून बसलो होतो. ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, “गुर्जी, राग मानू नका. पोराचं पायच तसलं हायेत.”

ती पोराच्या पायांबद्दल माफी मागत होती. आणि मी, वाचकहो, ती माफी दिली!

त्या दुकानातून परतताना बसमध्ये मी याच गोष्टीचा विचार करीत होतो. न मावणाऱ्याने क्षमा का मागावी? आणि ज्यात मावायचे ते माप तरी ठरवले कोणी?

मापाची हकिकत मोठी गमतीची आहे. आपल्या दुकानांतला सात-आठ-नऊ हा नंबर मूळचा विलायतेचा. तिथे जवाचा एक दाणा म्हणजे इंचाचा तिसरा भाग, आणि एका नंबराचे अंतर एका दाण्याएवढे. जव आपल्याला परका नव्हे; आठ यवांचे एक अंगुल हे मोजमाप आपल्याकडेही प्राचीन आहे. पण जव मोजतो तो लांबी. रुंदीचे काय? विलायतेत रुंदीची वेगळी अक्षरे असतात. आपल्या दुकानांतून तो प्रश्न बहुधा कोणी विचारीतही नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत तर युरोपात बहुतेक जोडे डावा-उजवा असा भेद न करता एकाच साच्यावर बनत. माणसाला दोन वेगळे पाय आहेत, हे जोड्यांच्या ध्यानात पुन्हा यायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. आणि आपले पाय? चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरातल्या एक लाखाहून अधिक माणसांच्या पायांची मापे घेतली. भारतीय पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा साधारणपणे रुंद असतात, असे त्यातून दिसले आणि ‘भा’ या नावाने देशी मापांची पद्धत सुचवली गेली. म्हणजे त्या मुलाचा पाय चुकलेला नव्हता. चुकलेले होते ते माप. पण रक्त मापाला येत नाही, पायाला येते.

आता तुम्ही म्हणाल, प्रत्येकासाठी जग थोडेच कापून-शिवून देता येईल? आठव्या शतकातल्या शांतिदेवाने याच अर्थाचे सांगून ठेवले आहे. साऱ्या पृथ्वीला मढवायला कातडे कुठून आणणार? आपल्या तळव्याखाली कातडे बांधावे, म्हणजे पृथ्वी मढवल्यासारखीच. मनाला आवरण्याच्या संदर्भात हा दृष्टान्त मला फार प्रिय आहे. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही, की तळव्याखालचे कातडे तरी ज्याच्या त्याच्या तळव्याएवढे असेल. तेच जर दुसऱ्याच्या पायाचे असेल, तर सोसण्याचा उपदेश कोणी कोणाला करायचा?

सरासरी वाईट नाही. तिच्यावाचून शाळा चालणार नाही, कायदा चालणार नाही, बुटांचा कारखानाही चालणार नाही. कातडे कापायला सरासरी चांगली. पायाचा न्याय करायला ती वाईट. जो तिच्यात बसत नाही त्याला दोषी ठरवले, की सोय जुलूम होते. आमच्या मुळशीला हे नवे नाही. मुंबईला वीज मिळावी म्हणून इथे टाटांचे धरण आखले गेले, तेव्हा 1921 साली सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. नकाशा कागदावर काढला जातो, आणि ज्यांचे पाय त्या मातीत रुतलेले असतात त्यांनी सरकून घ्यायचे असते. विजेची गरज खोटी नव्हती. पण आम्ही कुठे उभे आहोत ते खाली वाकून पाहा, एवढे म्हणण्याचा हक्क त्या पायांनाही होता.

डॉक्टरांनी मला लागणाऱ्या जोड्याची भीती घातली, तिच्यामागेही एक मोठी कथा आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या पायांचा अभ्यास केला. ते पाय रोगाने आपोआप झडत नसून, वेदना कळेनाशी झाल्यामुळे जखमांवर जखमा होऊन नासतात, हे त्यांनी दाखवले. मग त्यांच्या कामातून त्या पायांसाठी मऊ रबराची पादत्राणे तयार झाली. मधुमेहाने बधीर होणाऱ्या पायांनाही आज तशाच मऊ तळाची वहाण देतात. याचा अर्थ असा, की जोडा लागतो ही पायाची कुरकुर नव्हे. ती पायाने पाठवलेली बातमी आहे. ती येते तोवर पाय वाचण्याची आशा आहे. 1979 साली अशी एक बातमी माझ्यापर्यंत दोनदा आली होती, एकदा मुलाच्या तोंडून आणि एकदा त्याच्या आईच्या. माझे पाय तेव्हा धडधाकट होते. बधीर झाले होते ते दुसरेच काही.

अखेर माझा प्रश्न सुटला तो पुण्याच्या एका पेठेतल्या बोळात. तिथल्या वृद्ध कारागिराने मला “कितवा नंबर?” असे विचारलेच नाही. “संध्याकाळी या,” म्हणाला, “दिवसभराने पाय फुगतो, तेव्हाचे माप खरे.” संध्याकाळी त्याने जमिनीवर कागद अंथरून मला उभे केले, कारण अंगाचा भार पडला की पाय पसरतो. पेन्सिल सरळ धरून एकेका पायाची कड आखली. फितीने चवड्याचा, वरच्या उंचवट्याचा, टाचेचा घेर घेतला. “भाऊ-भाऊ आहेत, पण जुळे नाहीत,” माझ्या पायांकडे पाहून तो हसला. मग त्याने लाकडी फर्म्यावर, माझे हाड बाहेर येते नेमक्या त्या जागी, कातड्याचा तुकडा ठोकून उंचवटा केला. जोडा मोठ्या पायाच्या बेताने. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा. टाचेची वाटी घट्ट. तळव्याच्या कमानीखाली टेकण. आणि जोडा वाकावा तो बोटांच्या मुळाशी, मध्ये नव्हे. चांगल्या जोड्याची ही लक्षणे त्याने मला पाठ करायला लावली. मी आयुष्यात ऐकलेल्या उत्तम पाठांपैकी तो एक होता.

तो माप घेत असताना त्याचे पांढरे डोके माझ्या गुडघ्यापाशी होते, आणि मला अवघडल्यासारखे झाले. माप घेणे म्हणजे वाकणे. दुसऱ्याला कुठे लागते ते उभ्याने कळत नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या असे वाकून साऱ्या गावाची पावले जपली, त्यांनाच आपण त्या वाकण्याबद्दल हीन ठरवले. कित्येक गावांत अस्पृश्य मानलेल्यांना वरच्या आळीतून जाताना पायातली वहाण काढून हातात घ्यावी लागे. पायातली वहाण पायातच बरी, ही म्हण आपण वहाणांपेक्षा माणसांबद्दलच अधिक वापरली. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले; 2025 साली इटलीतल्या प्राडा कंपनीने तशाच चपला मिलानच्या मंचावर मिरवल्या, आणि मग त्यांचे मूळ कोणाचे यावरून आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. तो अभिमान योग्यच होता. चपलेइतका तो ती शिवणाऱ्या हातांचाही असावा, एवढेच.

गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत तुरुंगात असताना चपलांचा एक जोड केला आणि 1914 साली तो देश सोडताना तो आपल्या विरोधकाला, जनरल स्मट्स यांना भेट दिला. स्मट्सनी तो कित्येक उन्हाळे वापरला, आणि गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवशी, 1939 साली, परत पाठवला. इतक्या मोठ्या माणसाच्या वहाणेत उभे राहण्याची आपली योग्यता नाही, असे त्यांना वाटत होते. ज्याने आपल्याला तुरुंगात घातले त्याच्या पायाला टोचू नये म्हणून जपून टाका घालणे, यालाच मी वाकणे म्हणतो.

नवे जोडे पायात आले आणि मी चालू लागलो. पहिल्या महिन्यात गावाची हद्द, दुसऱ्यात पलीकडची वाडी. गेल्या दिवाळीच्या पाडव्याला मी तीन मैल चालून त्या मुलाच्या घरी गेलो. मुलगा कसला, साठीला टेकलेला शेतकरी! त्याच्या शेजारच्या जमिनींवर आता शहरवाल्यांचे बंगले उभे आहेत. त्याने आपली खाचरे राखली आहेत. आई जाऊन बरीच वर्षे झाली होती. माझी माफी ज्या दारात पोचायला हवी होती, ते दार तेवढ्यापुरते कायमचे बंद झाले होते.

मी त्याला बुटांची गोष्ट सांगितली. तो हसला. “मला नाही आठवत, गुरुजी,” म्हणाला. आठवत होते की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. त्याच्या पायात रबरी स्लिपर होती. टाचा बाहेर, करंगळ्या बाहेर.

“उभा राहा,” मी म्हणालो आणि पिशवीतून वही काढली.

“अहो, हे काय गुरुजी! पायाला हात नका लावू.”

गुडघे कुरकुरले, पण मी खाली बसलो. वहीचे पान फाडून त्याच्या पायाखाली ठेवले, पेन्सिल सरळ धरली आणि टाचेपासून कड आखू लागलो. करंगळीपाशी एक जुना पांढरट वण होता. तिथे पेन्सिल जरा थांबली. पुढे चवडा आला आणि पान अपुरे पडले.

मी दुसरे पान जोडले.