झोळी कुणाची, भूक कुणाची?

दत्तजयंती जवळ आली की मला एक सोमवार आठवतो. मी तेव्हा चौथीच्या वर्गावर होते. मागच्या बाकावरचा मुलगा पहिल्याच तासाला पेंगत होता. "रात्रभर टीव्ही बघितलास ना रे?" मी विचारलं. वर्ग हसला, तो गप्प राहिला. दुपारी खिचडीच्या पंगतीत त्याने तीनदा ताट पुढे केलं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शनिवारच्या शाळेनंतर पोर धड जेवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बिस्किटपुडा आणला आणि सगळ्यांदेखत त्याच्या हातात दिला. त्यानंतर दोन दिवस तो शाळेतच आला नाही. अन्न दिलं खरं, पण त्याची लाज वेशीवर टांगून दिलं.

प्रत्यक्ष दत्तमहाराज दुपारी करवीरात भिक्षा मागतात, अशी आपली श्रद्धा. म्हणून दारी झोळी आली की आपण "का मागतोस?" असं विचारत नाही, न जाणो, तेच असतील! मग वर्गातल्या लेकराने तेवढी आपली भूक सिद्ध करून का दाखवावी?

शाळेतलं जेवण ही मेहेरबानी नव्हे. केंद्राची योजना १९९५ साली सुरू झाली. शिजवलेलं अन्नच द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ ठरलेली आहे. ते कमी पडलं तर शिक्षकाने वर लेखी कळवलंच पाहिजे; पदरमोड हा त्यावरचा उपाय नव्हे. पण रविवारची भूक आणि सोमवारची सकाळ कुठल्याच नोंदवहीत येत नाही. ती दिसते फक्त शिक्षकाला.

पुढे मी कपाटात फुटाणे आणि गूळ ठेवू लागले. डबा सगळ्यांसाठी उघडा. कुणी किती घेतलं, बघायचं नाही. वाढणाऱ्या ताईंनाही सांगितलं, "पुरे आता" म्हणू नका. आईशी रेशनकार्डाचं बोलायचं ते शाळा सुटल्यावर, एकटीला गाठून. सोमवारी पहिल्या तासाला चाचणी नाही.

त्या मुलाची माफी मागायची मात्र राहूनच गेली.

जयंतीच्या महाप्रसादात पान सगळ्यांना सारखं, नाव कुणी विचारत नाही. हीच रीत वर्गात नेली, तर तीही गुरुसेवाच.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥