मैदानावरची मुले



दहावीची परीक्षा तोंडावर आली आहे. आपल्या मुलांच्या शाळेतून आणि बोर्डिंगमधून यंदाचा वर्ग आता बाहेर पडेल. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्साच्या वेळी त्यांना निरोप द्यायचा आहे. अभ्यासात पुढे असलेल्या मुलांची नावे निकालानंतर फळ्यावर लागतीलच, त्यांच्या घरचे पेढेही आपल्यापर्यंत पोहोचतील. आज आम्ही दुसऱ्या काही मुलांविषयी लिहीत आहोत. संध्याकाळच्या रोझरीला उशिरा येणारी, गुडघ्यापर्यंत मातीने भरलेली, मागच्या बाकावर बसून पेंगणारी ही मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांची नावे येथे देत नाही. ओळखायचे ते ओळखतील.

या दिवसांत रविवारच्या दुसऱ्या वाचनात आपण संत पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र ऐकतो. त्याच पत्राच्या नवव्या अध्यायात, शेवटाकडे, पौल एकदम मैदानावर उतरतो. धावणारे पुष्कळ असतात, बक्षीस एकालाच मिळते, असे तो सांगतो. पौलाने हे उदाहरण उगाच घेतलेले नाही. करिंथ शहराजवळ इस्थमस येथे दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत. पौल त्या शहरात दीड वर्ष राहिला, तंबू शिवण्याचा धंदा करीत. खेळांना येणारी गर्दी, धुळीने माखलेले धावपटू त्याच्या परिचयाचे असणार. जिंकणाऱ्याला तेथे सोने मिळत नसे, तर पानांचा मुकुट मिळे. कधी पाइनच्या डहाळ्यांचा, आणि काही काळ तर वाळलेल्या सेलरीच्या पाल्याचा! कोमेजणारा मुकुट असे पौल म्हणतो तेव्हा करिंथच्या लोकांच्या डोळ्यांपुढे नेमका काय पाला आला असेल, ते आपण समजू शकतो.

दिवाळीच्या आधी एक आई मिस्सानंतर आमच्याकडे आली आणि म्हणाली, “फादर, पोरगं निस्तं खेळतंय. खेळून पोट भरतं का?” आम्ही तिला क्रीडागुणांचे सांगितले. स्पर्धेत पुढे गेलेल्या मुलाला दहावीला वाढीव गुण मिळतात, ते खरेच आहे. ती गप्प बसली, पण तिचे समाधान झाले नाही, आणि तिचे बरोबर होते. मुलाला खेळू द्यायचे ते गुणांसाठी, हे आमचे उत्तर दुकानदाराचे होते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना संत थॉमस अक्विनास यांचा एक प्रश्न वाचून आम्हाला हसू आले होते. खेळण्यात काही सद्गुण असू शकतो काय, असे ते विचारतात, आणि उत्तर देतात की हो, असू शकतो. एवढेच नव्हे, जो मुळीच खेळत नाही आणि दुसऱ्यालाही आनंद घेऊ देत नाही, त्याच्यात दोष आहे असे ते दाखवितात. संत योहानाची एक जुनी गोष्टही ते देतात. योहान शिष्यांबरोबर खेळताना दिसला म्हणून काहीजण नाराज झाले. त्याने एका धनुर्धाऱ्याला विचारले, तू सतत बाण सोडू शकशील का? तो म्हणाला, नाही, धनुष्य मोडेल. योहान म्हणाला, माणसाचे मनही तसेच आहे. तेव्हा हसलो ते यासाठी, की इतक्या मोठ्या पंडिताला हा विषय सुचावा! आता बोर्डिंगच्या ओट्यावर बसून मुलांचा खेळ पाहताना हसू येत नाही.

आमचा लांब पल्ल्याचा धावपटू पाथर्डीकडचा. आईबाप दर हंगामात ऊसतोडीला जातात, म्हणून सहावीत तो बोर्डिंगला आला. पहिल्याच रात्री पळाला. वॉचमन सायकल घेऊन मागे गेला तरी सापडेना. पहाटे अकरा किलोमीटरवर एका फाट्यावर तो बसलेला मिळाला, दप्तरासकट. पी.टी.च्या सरांनी हे ऐकले आणि त्याला शिक्षा करायची सोडून त्याच्या पायात बूट घातले. गेल्या वर्षी जिल्ह्यात तो तीन हजार मीटरला पहिला आला. त्या दिवशी त्याचे वडील मुकादमाची परवानगी काढून निघाले होते, पण एस.टी. चुकली आणि ते आले तेव्हा बक्षिसेही वाटून झाली होती. मंडपवाले खुर्च्या गोळा करीत होते. पोराने पिशवी खाली ठेवली, बूट पुन्हा बांधले आणि रिकाम्या मैदानावर साडेसात फेऱ्या मारल्या. वडील दोरीजवळ टोपी हातात घेऊन उभे राहिले. आम्ही घड्याळ लावले नाही. आता त्याला पोलीस भरतीचे वेध लागले आहेत. सोळाशे मीटर तर तो आजही हसत धावेल. गणित मात्र त्याला दम लावते, तेव्हा प्रार्थना गणितासाठी करावी.

खो-खोच्या संघातला आमचा एक खेळाडू बोलताना अडखळतो. वर्गात धडा वाचायची पाळी आली की तो पाण्याला जायचा. खो-खोमध्ये पाठीला हात लावून खो असे मोठ्याने म्हणावेच लागते, नाहीतर पंच शिट्टी मारतात. एकाच अक्षराचा शब्द! तो इतका खणखणीत निघे की कंपाउंडबाहेरून जाणारी माणसे वळून पाहत. नववीत त्याने स्वतः येऊन विचारले, बोर्डिंगच्या मिस्साला वाचन करू का? आम्ही होय म्हटले आणि मनात घाबरलो. नेमके करिंथकरांस पत्र आले. त्या ‘करिंथकरांस’वरच तो अडला. कोणी हसले नाही. आम्ही पाहिले, तर दुसऱ्या बाकावरचा सगळा संघ पाटीवर बसल्यासारखा पुढे झुकून बसला होता, जणू आता खो मिळणार आणि उठायचे. वाचन संपायला बराच वेळ लागला. त्या रविवारी आम्ही प्रवचन आखडते घेतले, ज्याचे मुलांनी मनापासून स्वागत केले.

फुटबॉलच्या गोलरक्षकाविषयी फार लिहीत नाही, कारण तो स्वतःविषयी पुरेसे बोलतो. त्याला धावायचा कंटाळा, म्हणून तो गोलमध्ये उभा राहिला, असे तोच सांगतो. संत जॉन पॉल दुसरे हेही लहानपणी पोलंडमध्ये गोलरक्षक होते, आणि त्यांच्या गावातल्या यहुदी मुलांच्या संघाला गडी कमी पडला तर त्यांच्या बाजूने उभे राहत, हे आम्ही त्याला एकदा सांगितले. तेव्हापासून जेवणात दुसरी भाकरी मागताना तो पोपसाहेबांचे नाव घेतो.

आणि एक मुलगा कोणत्याच संघात नाही. पाच वर्षे प्रत्येक निवडीला आला, पाच वर्षे राहिला. पण सकाळी सहाला दोरी धरून मैदानावर फक्की मारणारा तोच. कोणाच्या बुटाचा नंबर काय, कोणाला प्रवासात उलटी होते, हे त्याला पाठ. मॅचच्या वेळी गुणांची वही त्याच्याकडे असे. आमच्या बाजूचा एक गुण पंचांनी चुकून जास्त दिला, तो याने उठून सांगितला, आणि परतीच्या टेम्पोत सगळ्यांची बोलणी खाल्ली. त्या बोलण्यात, खरे सांगायचे तर, आमचाही एक शब्द होता.

आता ज्याच्याविषयी लिहायचे टाळत होतो त्याच्याकडे येतो.

कबड्डीतला आमचा उजवा कोपरा. शांत मुलगा. चढाईला आलेल्या गड्याकडे न पाहता त्याच्या पायांकडे पाहायचा आणि घोट्याची पकड अशी करायचा की समोरच्याला खाली आल्यावर कळे. सप्टेंबरमध्ये सगळा संघ हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला पायी गेला, तेव्हाही हा शेवटी चालत होता, मागे पडणाऱ्या लहान मुलांच्या पिशव्या घेऊन. ऑक्टोबरमध्ये अहिल्यानगरला जिल्ह्याचा अंतिम सामना होता. सकाळी प्रार्थनेनंतर तो आमच्यापाशी आला. उजवा गुडघा सुजला होता. “फादर, दुखतंय,” एवढेच म्हणाला. सरांनी आमच्याकडे पाहिले. बारा वर्षांत आपली शाळा अंतिम सामन्यात पोहोचली नव्हती. आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “आजचा दिवस काढ. मतमाउली आहे.”

दुसऱ्या डावात पकड करताना तो गुडघा फिरला. आवाज आम्हाला कडेला ऐकू आला. सामना आपण जिंकलो. ढाल आली, तालुक्यात मिरवणूक निघाली, या पत्रकात फोटोही छापला. त्या फोटोत तो नाही, कारण त्या वेळी तो दवाखान्यात होता आणि त्याच्या उशाशी फक्की मारणारा मुलगा बसला होता. लिगामेंट तुटले होते. नोव्हेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली. खर्च शाळेने आणि आपण सर्वांनी मिळून उचलला, त्याबद्दल आपले आभार. पण मुलाजवळ राहण्यासाठी त्याच्या आईचा ऊसतोडीचा हंगाम बुडाला आणि मुकादमाची उचल अंगावर राहिली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. गुडघा अजून पूर्ण वाकत नाही. कबड्डीचे डॉक्टर काही बोलत नाहीत.

अपघात होता असे अनेकांनी आमचे सांत्वन केले. खेळात असे होतेच, असेही म्हणाले. होते. पण दुखते आहे असे सांगणाऱ्या मुलाला आम्ही खेळविले आणि त्यासाठी मरियामातेचे नाव वापरले. ढाल त्याच्यासाठी हवी होती असे आम्ही स्वतःला सांगत होतो. ती आम्हाला हवी होती. ऑफिसच्या कपाटात ती आम्हीच ठेवली, दारातून आत येताच दिसेल अशी. पौलाच्या त्याच उताऱ्याचा शेवट आम्ही अनेकदा वाचला आहे, पण त्याची भीती आता वाटू लागली आहे. इतरांना उपदेश करून आपण स्वतःच बाद ठरू नये, ही काळजी तेथे पौलालाही लागलेली दिसते. शर्यतीवर इतके चांगले बोलणारा माणूस शेवटी स्वतःच्या निकालाची धास्ती घेतो.

नाताळनंतर तो कुबडीवर ऑफिसात आला. ढालीपुढे उभा राहिला, हात लावून पाहिली. “फादर, जड आहे,” म्हणाला. आम्ही तेव्हा त्याची क्षमा मागितली. तो गोंधळला. धर्मगुरूला काय उत्तर द्यावे हे त्याला कोणी शिकविले नव्हते. थोड्या वेळाने म्हणाला, “मीच सरांना नाही म्हणायला पाहिजे होतं.” ते वाक्य आम्हाला अजून सोडत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाने आमचा वाटाही स्वतःच्या अंगावर घेतला. आम्ही त्याला सांगितले की ते तसे नाही, आणि आज तुम्हा सर्वांसमोरही तेच लिहितो. त्याच्या आईलाही घरी जाऊन सांगितले. तिने चहा केला, पण आमच्याबरोबर घेतला नाही. तो तिचा हक्क आहे.

पुढील वर्षापासून दुखापत झालेल्या मुलाला खेळवायचे की नाही हे आम्ही किंवा सर ठरविणार नाही. डॉक्टरांची चिठ्ठी लागेल, मग सामना कोणताही असो. आईच्या अंगावरच्या उचलीसाठी ऑफिसात वेगळी पेटी ठेवली आहे. ढाल कपाटातून काढली आहे.

रविवारी निरोपाच्या मिस्साला मुले खेळाच्या गणवेशात येतील, सिस्टरांनी परवानगी दिली आहे. पहिले वाचन खो-खोवाला करील, तेव्हा घाई असलेल्यांनी पहिल्या मिस्साला यावे. मिस्सानंतर ओट्यावर जेवण आहे; प्रत्येक घरातून चार भाकरी जास्त आणाव्यात, गोलरक्षकाचा हिशेब धरून. आणि डावीकडच्या पहिल्या बाकाची, मधल्या वाटेकडची जागा कृपया मोकळी ठेवावी. त्याला उजवा पाय सरळ ठेवावा लागतो, तो वाटेत येईल. ख्रिस्तशरीर स्वीकारायला पुढे येताना सर्वांनी तेवढे पाहून चालावे.

आपले धर्मगुरू