तेल्या : जंतू आणि त्याचा हुकूम

सांगली जिल्ह्यातले आटपाडी आणि जत, साताऱ्यातले माण आणि खटाव हे पाण्यासाठी आभाळाकडे बघणारे तालुके. तिथे डाळिंब रुजले ते थोड्या पाण्यावर पैसा देणारे पीक म्हणून, आणि डाळिंबापाठोपाठ तेल्या आला. पानांवर, फळांवर तेलकट डाग पडतात, मग फळ तडकते आणि हंगाम हातचा जातो. रोगाचे कारण झान्थोमोनास गटातला एक जीवाणू. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ची, दिल्लीची. कारण सापडले की उपाय सरळ वाटतो : जंतू मारा. रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवून दिला, तेव्हापासून रोग म्हणजे जंतू हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. कारण हेच जीवाणू पानाच्या पृष्ठभागावर काही न बिघडवता राहू शकतात. मग ते रोगकारक होतात कधी?

या प्रश्नाच्या उत्तराकडे नेणारी वाट रोगाच्या अभ्यासातून निघालीच नाही. आतड्यातला एक साधा जीवाणू दुधातली साखर मिळाली तरच ती पचवणारी प्रथिने का बनवतो, एवढेच झाकोब आणि मोनो हे संशोधक विचारत होते. १९६१ साली त्यांनी उत्तर मांडले : काही जनुकांचे काम इतर जनुकांना आवरण्याचे असते. १९६६मध्ये गिल्बर्ट आणि म्युलर-हिल यांनी असे आवरणारे प्रथिन प्रत्यक्ष वेगळे केले. १९८१मध्ये अशा नियंत्रक प्रथिनांची घडण दिसली. दोन छोटी मळसूत्री वेटोळी, मधे एक वळण. त्यातले एक वेटोळे डीएनएच्या खाचेत बसते आणि तिथली अक्षरे चाचपते. जुळणारी ओळ सापडली की प्रथिन तिथे ठाण मांडते आणि पुढचे जनुक बंद होते किंवा चालू होते.

हा विचार झान्थोमोनासपर्यंत पोचला तो मिरची-टोमॅटोवर ठिपके पाडणाऱ्या, तेल्याच्या भाऊबंद जीवाणूच्या अभ्यासातून. १९९६मध्ये उल्ला बोनास यांच्या गटाने एचआरपीजी आणि एचआरपीएक्स ही दोन नियंत्रक प्रथिने दाखवली. पहिले दुसऱ्याला जागे करते. दुसरे पानाच्या पेशीत प्रथिने टोचणाऱ्या सुईसारख्या यंत्राची जनुके चालू करते. प्रयोगशाळेतल्या सकस खाद्यात ही जनुके दबलेली असतात, पानाच्या आतल्या तुटपुंज्या अन्नात उठतात. एचआरपीजी निकामी केले तर जीवाणू प्रयोगशाळेतल्या खाद्यावर जगतो, वाढतो, पण रोग पाडू शकत नाही. माझ्या म्हणण्याचा आधार हाच : जंतू ही रोगाची अट आहे, रोग घडवतो तो या नियंत्रक प्रथिनांचा हुकूम.

बागायतदार विचारील, या प्रथिनांशी माझे काय देणेघेणे? मला फवारणी सांगा. देणेघेणे आहे, कारण हुकूम सुटतो तो जीवाणू पर्णरंध्रातून किंवा जखमेतून आत शिरल्यावर, आणि त्याला आत नेते पावसाचे उडते पाणी. पाऊस ओसरल्यावरचा हस्त बहार धरणे, छाटणीची कात्री निर्जंतुक करणे, गळलेली पाने आणि फळे बागेबाहेर नेऊन जाळणे हे उपाय त्या हुकमाची वेळच येऊ देत नाहीत. उलट स्ट्रेप्टोमायसीन पुन्हा पुन्हा फवारले की त्याला न जुमानणारे तेवढे जीवाणू मागे उरतात, आणि ते औषध तर माणसाच्या क्षयावरही वापरले जाते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : उद्या हुकूमच दाबणारे औषध निघाले तरी जीवाणू त्यातूनही पळवाट काढील. काढील, कारण पानाच्या आत पोट भरायचे तर त्याला तो हुकूम हवाच. मात्र पानाबाहेर असे औषध त्याला मारणार नाही, त्यामुळे पळवाट सापडलेल्याला तिथे वरचष्मा मिळणार नाही. निवडीचा दाब संपणार नाही, पण घटेल. तोवर मारण्याची घाई थोडी आवरून शिरकावाच्या वाटा बुजवणे हेच शहाणपण, आणि ते काम झाडू, कात्री आणि बहाराची निवड यांनी आजही होते.