देणगी म्हणजेच देणे

आपल्या मराठीत 'देणे' हा शब्द मोठा मौजेचा आहे. देणे म्हणजे दान, आणि देणे म्हणजे कर्जही. वाण्याचे देणे, सावकाराचे देणे असे आपण म्हणतो, तसेच देवाचे देणे असेही म्हणतो. एखाद्या पोराचा गळा गोड लागला की म्हातारी माणसे म्हणतात, "अरे, हे देवाचे देणे आहे बाबा!" बोलताना त्यांच्या मनात दानाचा अर्थ असतो. आम्हांस वाटते की, दुसरा अर्थही तेथे तितकाच खरा आहे. देवाकडून आले ते दान. ज्याला मिळाले त्याच्या माथी ते कर्ज. मग हे कर्ज फेडावयाचे कोणाला? देवाला तर कशाची वाण नाही. अठ्ठावीस युगे तो कमरेवर हात ठेवून उभा; कोणापुढे हात पसरीत नाही. तेव्हा सावकार कोण आणि वसुली कशी, याचा थोडा विचार वारकरी सज्जनांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राचे प्रकरण आहे. देवांनी दिलेले जो त्यांना न देता एकटाच भोगतो, त्याला भगवंतांनी चक्क चोर ठरविले आहे. धर्मशास्त्रही हेच सांगते. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ठेवीचा निर्णय आहे. ठेव राजाने नेली, दैवाने गेली किंवा चोरांनी लुटली, तर सांभाळणारावर दोष नाही. परंतु त्याने ती आपल्या मर्जीने वापरून तिच्यावर पोट भरले, तर त्याला दंड आहे, आणि ठेव वाढीसुद्धा परत करावी लागते. आता हा न्याय आपल्याला लावून पाहा. वय झाले, गळा बसला, दृष्टी अधू झाली, ते दैवाने नेले; त्याचा जाब कोणी विचारणार नाही. जाब आहे तो गळा चालत होता त्या दिवसांचा.

पण कोणी शास्त्री म्हणेल, "ठेव जशीच्या तशी राखावयाची असते, गळा किंवा विद्या पेटीत राखून कशी चालेल?" शंका रास्त आहे. म्हणून घरातलाच दृष्टांत घेऊ. गावातला एक जण मुंबईस निघाला आहे. एक आई त्याच्या हाती आपल्या लेकासाठी लाडवांचा डबा देते. या डब्याच्या बाबतीत त्या गृहस्थाच्या हातून तीन गोष्टी बिघडू शकतात. त्याने वाटेत लाडू खाल्ले किंवा विकले, हा पहिला दोष. डबा नीट झाकून आपल्या फळीवर ठेवला आणि लाडवांना बुरशी आली, हा दुसरा. आणि डबा पोचविला खरा, पण 'पाहा माझे लाडू कसे गोड' म्हणून मिशीला पीळ दिला, हा तिसरा. देवाने तुमच्याआमच्या हाती दिलेले डबे असेच दुसऱ्याच्या नावाचे आहेत. वसुलीचा अधिकार त्याने भोवतीच्या माणसांकडे देऊन टाकला आहे.

पहिला दोष आम्हां कीर्तनकारांच्या फार जवळचा. तुकोबारायांनी घालून दिलेला निर्बंध सर्वांस ठाऊक आहे. जेथे कीर्तन करावे तेथे द्रव्य तर नाहीच, पण अन्न, माळ आणि बुक्कासुद्धा घेऊ नये. पैशाचे समजते, पण चिमूटभर बुक्क्याने काय बिघडते? आमच्या समजुतीप्रमाणे मर्म असे की, घेणाऱ्याच्या हाताबरोबर जीभही बांधली जाते. ज्याने आकडा मोजला तो श्रोता राहत नाही, गिऱ्हाईक होतो. गिऱ्हाइकाला कडू औषध कोण देणार? मग व्यासपीठावर बसलेल्या व्याजखोराचा विषय निघत नाही, हुंड्याचा निघत नाही, आणि मंडप हसता ठेवण्यासाठी गरिबाघरच्या सुनेची नाही तर म्हाताऱ्याची टर उडते. आज तेच बोलणे मोबाइलवरून घटकाभरात देशोदेशी जाते. जितके कान अधिक, तितके देणे अधिक, हे ध्यानात असावे.

"पण बुवा, पोट कोणाला सुटले आहे?" हा पूर्वपक्ष आम्ही पुष्कळदा ऐकतो. तो खोटा नाही. गाडीचे भाडे लागते, मृदंगाची पुडी बदलावी लागते, टाळकऱ्यांच्या घरी चूल आहे. एवढे कोणी प्रेमाने सोसले तर त्याला विक्री म्हणता येणार नाही. परंतु आधी आकडा आणि मग तारीख, हे मात्र कीर्तन नव्हे. गोरोबांनी मडकी घडविली, सावतोबांनी मळा पिकविला, सेना महाराजांनी हजामती केल्या, नरहरी महाराजांनी सोने घडविले. पोट धंद्यावर ठेवले आणि नाम मोकळे ठेवले. आजच्या बुवांना वेगळा धंदा जमेलच असे नाही. पण ज्या वाडीला काहीच देणे जमत नाही, तेथेही ते त्याच मनाने आणि तितकाच वेळ उभे राहतात काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारावा. तेथे ज्याचे अभंग आखूड होतात, त्याने समजावे की डब्यातले लाडू कमी होऊ लागले आहेत.

दुसरा दोष फळीवर ठेवण्याचा. हा सभ्य दिसतो म्हणून अधिक फसवा. "आम्हांला काय येते, आम्ही अडाणी" असे म्हणून पुष्कळ माणसे हातचे गुण झाकून ठेवतात, आणि त्यालाच नम्रता समजतात. नम्रतेत देणाऱ्याची आठवण असते. येथे त्याने दिलेलेच नाकारले जाते. देणगी म्हणजे गळा आणि पाठांतर एवढेच नव्हे. नेवाशास शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेव्हा ती सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. तुकोबारायांचे अभंग चाकणच्या संताजी जगनाडे यांनी लिहून ठेवले. या दोघांनी 'आमचे नुसते अक्षर, त्यात काय मोठे' असे म्हटले असते, तर आज आपल्या हाती काय उरले असते? वारीच्या वाटेवर कोणी तुटलेली चप्पल शिवून देतो, कोणी पाय चेपतो, कोणी डॉक्टर झाडाखाली बसून फोड पुसतो, एखादी माउली रात्री तीनला उठून शेकडो माणसांचा चहा उकळते. हे सर्व आपापला डबा पत्त्यावर पोचवीत आहेत.

तिसरा दोष अभिमानाचा, आणि तो परमार्थाच्या देणगीला लवकर जडतो. पतंजलींनी योगसूत्रांत सिद्धी सांगितल्या आणि त्या समाधीच्या आड येतात हेही तेथेच सांगून ठेवले. चांगदेवांची कथा याच जातीची आहे. योगबळाने चौदाशे वर्षे काळाला परतविले. पण ज्ञानोबांना पत्र लिहिताना मायना काय घालावा, नमस्कार की आशीर्वाद, हेच ठरेना. कागद कोराच पाठविला. एवढी सिद्धी स्वतःचे आयुष्य वाढविण्यात खर्ची पडली. उलट ज्ञानोबारायांनी अवघ्या एकविसाव्या वर्षी, शके १२१८ मध्ये, आळंदीस समाधी घेतली. जवळचे सर्व मराठी जनांस देऊन झाले होते, आणि ग्रंथाच्या शेवटी मागितले तेही साऱ्या विश्वासाठी. चांगदेवांचे थोरपण असे की, त्यांनी कोरेपण ओळखले आणि लहानग्या मुक्ताबाईंस गुरू केले.

देणगीचा आणखी एक धर्म आहे, तो आवरण्याचा. नाथमहाराजांच्या वाणीस काय उणे होते? काशीस शके १४९५ मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या भागवतात अठरा हजारांवर ओव्या आहेत. त्याच नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तेव्हा आपल्या पदरची भर घातली नाही, आणि पुढेही कोणी घालू नये अशी ताकीद दिली. हजारो ओव्या ज्याच्या जिभेवर, तो दुसऱ्याच्या ओवीतील मळ पुसत बसतो. गाणाऱ्याने आपली तान कोठे थांबवावी, हे ज्याला कळत नसेल त्याने हे चित्र समोर ठेवावे.

गाडगेबाबांना अक्षरओळख नव्हती. दिवसा खराट्याने गाव झाडीत, रात्री श्रोत्यांना प्रश्न विचारून विचारून कीर्तन रंगवीत. त्या वाणीवर पैसा गोळा झाला, त्याच्या पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक येथे धर्मशाळा झाल्या. बाबांच्या हाती गाडगे तेवढे राहिले. पंढरपूरची धर्मशाळाही १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली आणि जे ज्ञान जवळ होते ते पोरांना विनामूल्य शिकविण्याची सोय केली. शास्त्रात ऋषिऋण म्हणून सांगितले आहे, ते शिकून आणि शिकवून फिटते. शिष्याला शेवटची खोच न सांगणारा गुरू ते देणे तसेच ठेवून जातो.

सप्ताहात वीणेचा पहारा असतो. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. रात्री दोनचा पहारेकरी पेंगुळलेला असला तरी ती खुंटीला अडकवीत नाही, आणि पहारा संपल्यावर घरीही नेत नाही. पुढचा आला की त्याच्या पायांवर डोके ठेवतो आणि वीणा त्याला देतो. मंडपात त्या वेळी चार श्रोते आहेत की कोणीच नाही, याने त्याच्या नामात फरक पडत नाही. गळा, विद्या, हातची कला, औषधाचे ज्ञान, बोलण्यातला गोडवा, सगळ्यांचा विनियोग असाच व्हावा. आपला पहारा किती वेळाचा ते आपल्याला ठाऊक नाही. पुढचा मनुष्य जवळ आला आहे का, एवढे पाहत असावे, आणि तोवर तार वाजती ठेवावी.

॥ रामकृष्णहरी ॥