सैनिकांचा सन्मान आणि आपला शिष्टाचार



या वेळी मी जे लिहीत आहे, त्यात पहिला दोषी मीच आहे, हे आधी नमूद करतो.

गेल्या २६ जानेवारीला आमच्या भागातील एका शाळेत ध्वजवंदनाचा कार्यक्रम होता. मोहल्ल्याचा इमाम म्हणून मलाही निमंत्रण होते आणि मांडवाच्या सावलीत व्यासपीठावर जागा दिलेली होती. आमच्या मोहल्ल्यातील एक वयोवृद्ध निवृत्त हवालदार, ज्यांनी १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर भाग घेतला होता, तेही बोलावलेले होते. त्यांना आम्ही सारे चाचा म्हणतो. इस्त्री केलेला जुना कोट, छातीवर पदके, हातात काठी. शिपायाच्या सवयीप्रमाणे ते ठरलेल्या वेळेच्या आधी हजर होते. प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आले. तोवर चाचा मैदानाच्या कडेला उन्हात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले. पुढे सत्काराच्या यादीत त्यांचे नाव आठवे आले. ते काठी टेकत व्यासपीठाच्या पायरीपर्यंत पोहोचले, तेवढ्यात निवेदकाने मुलांच्या नृत्याची घोषणा केली. ते क्षणभर थांबले आणि परत फिरले. शाल नंतर कोणीतरी त्यांच्या खुर्चीवर नेऊन दिली.

मी हे सारे वरून पाहत होतो. माझ्या शेजारी एक खुर्ची रिकामी होती. मी उठलो नाही. त्याच शुक्रवारी माझ्या बयानाचा विषय थोरामोठ्यांचा अदब हा होता.

हदीसच्या ग्रंथांत हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांचा प्रसंग आपण अनेकदा ऐकला आहे, परंतु तो एका जखमी सैनिकाचा प्रसंग आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. खंदकच्या लढाईत त्यांच्या हाताच्या शिरेत बाण लागला होता. प्रेषितांनी (स.) त्यांच्यासाठी मस्जिदीतच तंबू उभारविला. हेतू हा की त्यांची विचारपूस जवळून करता यावी. ज्या जागेला आपण केवळ नमाजीची जागा समजतो, तिथे एका घायाळ शिपायाची खाट पडलेली होती. पुढे एका निवाड्यासाठी त्यांना बोलावण्यात आले, तेव्हा ते गाढवावर बसून आले. ते जवळ येताच प्रेषितांनी अन्सारांना आज्ञा केली की, आपल्या सरदारासाठी उठा. काही विद्वान म्हणतात, हे उठणे सन्मानासाठी होते. काही म्हणतात, जखमी माणसाला खाली उतरविण्यासाठी होते. मला दोन्ही अर्थ मान्य आहेत. वृद्ध सैनिकाला पायरी चढताना हात देणे आणि त्याच्यासाठी उभे राहणे, या दोहोंतले एक तरी आपण केले असते, तर हा लेख लिहावा लागला नसता.

काही तरुण याच ठिकाणी मला अडवितात. सहाबा तर स्वतः प्रेषितांसाठीही उभे राहत नसत, कारण त्यांना ते आवडत नसे, असे ते म्हणतात. हे खरे आहे. आणि लोकांनी आपल्यासाठी ताटकळत उभे राहावे अशी हौस बाळगणाऱ्याला जहन्नमची ताकीद दिलेली आहे, हेही खरे आहे. पण ताकीद कोणाला आहे, ते पाहा. मान मागणाऱ्याला आहे. तासभर उशिरा येऊन सगळ्यांना उभे करणाऱ्याने ती हदीस वाचावी. उन्हात गप्प बसलेल्या चाचांनी काहीच मागितले नव्हते. इमाम नववी (रह.) यांनी या एकाच प्रश्नावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि सन्मानास पात्र व्यक्तीसाठी उभे राहणे योग्य ठरविले.

दुसरा प्रश्न मौनाचा. ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता हुतात्म्यांसाठी दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते. युद्धस्मारकांवरही हीच रीत आहे. हे आपल्या धर्मातील इबादतीचे रूप नाही आणि कोणी त्याला तसे समजूही नये. परंतु इबादत नसलेली प्रत्येक कृती निषिद्ध ठरत नाही. सभेत सर्वजण दुःखाने स्तब्ध उभे असताना आपण बसून राहणे किंवा मोबाइल चाळणे हा दीनदारीचा पुरावा खचितच नव्हे. प्रेषितांसमोरून एक जनाजा गेला, ते उभे राहिले. सांगण्यात आले की हा एका यहुद्याचा जनाजा आहे. त्यांनी उलट विचारले की, तो एक जीव नव्हता काय? ही हदीस बुखारीत आहे आणि ती मौनापेक्षाही पुढची गोष्ट सांगते. त्या दोन मिनिटांत शहीदांच्या विधवांसाठी, मुलांसाठी सब्र व आधार मागावा. मनात दुआ करण्यास कोण अडवितो? पुष्पचक्र वाहण्याबद्दल अनेक उलमांना संकोच वाटतो. ज्याला तो वाटतो, त्याने नम्रतेने बाजूस उभे राहावे. मात्र तसे करताना चेहऱ्यावर तिरस्कार दिसू नये. ज्या आईचा मुलगा गेला, ती तुमचा फतवा वाचत नाही, तुमचा चेहरा वाचते.

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतील एक घटना मला फार जवळची वाटते. मदीनेच्या स्त्रियांना चादरी वाटल्या जात होत्या. एक उत्तम चादर उरली. जवळच्यांनी सुचविले की, ही आपल्या घरातल्या उम्मे कुलसूम यांना द्यावी. त्या हजरत अलींच्या कन्या, म्हणजे प्रेषितांच्या नात. याहून मोठा हक्क कोणाचा असणार? पण हजरत उमर म्हणाले की, उम्मे सलीत यांचा हक्क अधिक आहे. उहुदच्या दिवशी त्या आमच्यासाठी पाण्याच्या मशका वाहून आणीत होत्या. उहुदला तोवर दहा वर्षे तरी उलटून गेली होती. उम्मे सलीत यांनी तलवार चालविली नव्हती, पाणी वाहिले होते. तेवढेही खलीफा विसरले नव्हते. याच खलीफांनी बैतुलमालमधून वेतने ठरविली, तेव्हा बद्रमध्ये लढलेल्यांना वरचे स्थान दिले. म्हणजे त्यांच्या दृष्टीने स्मरण हे वर्षातून एकदा हार घालण्याचे काम नव्हते. ते दफ्तरात नोंदविलेले देणे होते.

आता एक कटू गोष्ट. आपण ब्रिगेडियर मुहम्मद उस्मान यांचे नाव घेतो, जे ३ जुलै १९४८ रोजी झांगड येथे धारातीर्थी पडले. परमवीरचक्र विजेते अब्दुल हमीद यांचे नाव घेतो, ज्यांनी १९६५ मध्ये खेमकरणच्या रणात शत्रूचे रणगाडे फोडले. घ्यावीतच ती नावे. पण आपण ती केव्हा घेतो? कोणी आपल्या निष्ठेवर शंका घेतली की, खिशातून दाखला काढावा तशी. त्या वीरांनी आपल्याला प्रमाणपत्र मिळावे म्हणून प्राण दिले नव्हते. आणि ज्या समाजाला अब्दुल हमीद पाठ आहेत, त्याला आपल्याच गल्लीतल्या हवालदाराचे पेन्शनचे कागद अडले आहेत का, हे ठाऊक नसावे? अनेक जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालय असते. तिथवर चाचांना मोटारसायकलवरून नेणे हेही पुण्यच आहे. ७ डिसेंबरच्या ध्वजदिन निधीची पेटी जुम्याच्या दिवशी मस्जिदीबाहेर ठेवण्यास आमच्या जमातीने होकार दिला आहे. प्रेषितांनी मुअतहच्या लढाईत शहीद झालेल्या हजरत जाफर (रजि.) यांच्या घरी जेवण पाठविण्यास सांगितले होते, कारण त्या घरावर दुःख कोसळले होते आणि चूल पेटणार नव्हती. सन्मान असा स्वयंपाकघरातूनही सुरू होतो.

महिन्याभरानंतर मी चाचांच्या घरी माफी मागायला गेलो. ते ओटीवर बसले होते. मी त्या दिवसाचा विषय काढला, तर हसले. म्हणाले, “मौलाना, उन्हाचं काय घेऊन बसलात? आम्ही चिखलात झोपलोय.” मग आत जाऊन त्यांनी एक जुनी डायरी आणली. तिच्यात चार नावे होती; त्यांच्या तुकडीतील, जे परत आले नाहीत. “माझा सत्कार राहू द्या,” ते म्हणाले, “पण पन्नास वर्षांत कुठल्या कार्यक्रमात ही नावं कुणी वाचली नाहीत. तुमचा आवाज चांगला आहे.”

त्या चारांत एकही मुसलमान नव्हता. ते त्यांच्यासाठी सांगत होते. मी नावे एका कागदावर उतरवून घेतली आणि १५ ऑगस्टला ती वाचण्याची परवानगी शाळेकडे मागितली आहे. व्यासपीठावर चाचांसाठी खुर्ची हवी, हेही अर्जात लिहिले आहे. मिळाली नाही, तर माझी आहे.