'हम'ची दुरुस्ती

मुनिरका गावातल्या इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत, की समोरच्या घरातली कुकरची शिट्टी आपल्याच स्वयंपाकघरातली वाटते. अशाच एका तळमजल्यावरच्या खोलीत आम्ही काही जण रविवारी साक्षरतेचा वर्ग घेतो. मी अनुवादक, त्यामुळे बायकांचे लेखन तपासायचे काम आपसूक माझ्याकडे आले.

गेल्या हिवाळ्यात बिहारहून आलेल्या एकीने पहिल्यांदाच पानभर मजकूर लिहिला. विषय होता दिल्लीला आल्याचा दिवस. 'हम रेल में खड़े-खड़े आए.' मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि प्रत्येक 'हम'चे 'मैं' केले. पूर्वेकडे एकटा माणूसही स्वतःला 'हम' म्हणतो, हे मला ठाऊक होते. तिने शब्दांखाली बोट फिरवत पान वाचले आणि विचारले, "दीदी, बच्चे कहाँ गए?"

त्या प्रवासात एक मूल तिच्या कडेवर होते, दुसरे पदर धरून उभे होते. व्याकरण शुद्ध करताना मी दोघांनाही गाडीतून उतरवले होते.

मग सुधारूच नये काय? तेही मला पटत नाही. चुका तशाच ठेवून त्यांना 'अस्सल' म्हणण्यात आपलीच हौस भागते. मुलाच्या शाळेत अर्ज दिला तर कारकुनाने हसू नये, म्हणून ती वर्गाला येते. शुद्धलेखन ती मागते आहे. 'मैं' तिने मागितले नव्हते.

1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता या मांग समाजातल्या मुलीचा निबंध छापून आला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेची ती विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयी ती 'आम्ही' म्हणून बोलते. त्या 'आम्ही'चा 'मी' केला, तर निबंधच उरत नाही.

मुनिरक्याहून जवळच, गुरगावात, बेबी हालदार घरकाम करत होत्या. घरमालक प्रबोध कुमार यांनी त्यांना वही-पेन दिले, लिहिलेले वाचले, बंगालीतून हिंदीत आणले. 2002 साली 'आलो-आँधारि' हिंदीतच आधी प्रसिद्ध झाले. म्हणजे वाचकांनी त्यांचा आवाज प्रथम दुसऱ्याच्या शब्दांत ऐकला. असा मधला माणूस नसता, तर तो कदाचित ऐकूच आला नसता. म्हणूनच मधल्या माणसाने अंदाज बांधू नये, विचारावे.

पुढे तिच्या परवानगीने ते पान मी मराठीत आणायला घेतले आणि पहिल्याच वाक्याशी अडले. 'आम्ही' की 'आपण'? हिंदीच्या 'हम'ला हा भेद नाही. या वेळी मी तिलाच विचारले. 'आपण' म्हटले तर ऐकणाराही सोबत येतो, 'आम्ही' म्हटले तर तो बाहेर राहतो, हे समजावून सांगितले.

ती क्षणभर थांबली. म्हणाली, "आप तो रेल में थीं नहीं."

मी 'आम्ही' लिहिले.